धान्य सोडू का? आधी तोंडीलावणं कोणतं, ते ठरवू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वय ३६, उंची १७२ सेंमी, वजन ८४ किलो होतं. तपासणीत एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ५.९ आलं, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, जिममधल्या ट्रेनरने सांगितलं म्हणून पाच आठवड्यांपूर्वी पोळी, भाकरी, भात, पोहे सगळं बंद केलंत. वजन ७८.५ वर आलं. त्यातले तीन किलो पहिल्या दहा दिवसांतच गेले आणि आता दोन आठवडे काटा हलत नाही. पोट साफ होत नाही, स्क्वॉटला ७० किलो उचलत होतात ते ५५ वर आलात, बायको दोन-दोन स्वयंपाक करून वैतागली आहे आणि बार्शीहून आईने पाठवलेलं ज्वारीचं पीठ डब्यात तसंच पडून आहे. आता विचारताय की धान्य कायमचं सोडू का, आणि मधुमेह असलेल्या वडिलांनाही सोडायला सांगू का.

वडिलांचं आधी सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. त्यांना आजच्या आज धान्य बंद करायला लावू नका. ते ग्लिमेपिराइड घेतात असं तुम्ही लिहिलंय. ताटात भाकरी आहे की नुसती काकडी, हे त्या गोळीला कळत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. धान्य एकदम गेलं आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बडबड, कधी थेट चक्कर. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तेच. आणखी एक धोका आहे तो घरोघरी ठाऊक नसतो. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं अशा गोळ्या चालू असताना कार्ब फारच कमी केले, तर साखर फार वाढलेली नसूनही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठून माणूस गंभीर होऊ शकतो. तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघा, आणि "आम्ही धान्य कमी करणार आहोत, डोस कसा ठेवायचा?" हे स्पष्ट विचारा. वडिलांना त्याचा फायदा तुमच्यापेक्षा जास्त होण्याची शक्यता आहे. फक्त क्रम चुकवू नका.

आता तुमचं.

मी बावीस वर्षं सांगलीत आहारसल्ला देते. धान्य सोडून आलेला माणूस समोर बसला की मी पहिल्यांदा विचारते, धान्याबरोबर आणखी कोण कोण गेलं? तुमच्या आधीच्या यादीत सकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटं होती, संध्याकाळी ऑफिसखाली वडापाव, शुक्रवारी पिझ्झा, आणि रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर फरसाण. यातलं काहीच आता नाही. पाव नाही म्हटल्यावर वडाही गेला, बिस्किटं गेली तसा चहाही दोनच कप उरला. ही चांगलीच गोष्ट झाली, पण श्रेय मात्र बिचाऱ्या ज्वारीच्या गैरहजेरीला मिळालं. मैदा, साखर आणि तळण गेल्याचा फायदा कुठला आणि भाकरी गेल्याचा कुठला, हे तुमच्या पाच आठवड्यांवरून सांगताच येत नाही.

पहिल्या तीन किलोंचं आता बघू. आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब तोडले की हा साठा उतरतो आणि त्याच्या पाण्यासकट दीड-दोन किलो जातात. आतड्यातला ऐवज कमी होतो, मीठ-फरसाण गेल्याने आणखी थोडं पाणी जातं. झाले तीन किलो. चरबी इतक्या वेगाने जात नाही. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७,७०० कॅलरी. दहा दिवसांत तीन किलो चरबी घालवायची तर रोज २,३०० कॅलरींची तूट हवी, म्हणजे जवळपास उपाशीच राहायला हवं. हे मी तुमचा हुरूप घालवायला सांगत नाही. दोन घास भात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला, तर घाबरू नका म्हणून सांगते. तेही पाणीच असतं.

आता जरा हिशेब, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या तक्रारींचं उत्तर यात आहे. तुम्ही पूर्वी दिवसाला पोहे एक बशी, डब्यात चार पोळ्या आणि भात, रात्री दोन भाकऱ्या आणि पुन्हा भात असं खात होतात. कोरडं वजन धरलं तर पोहे ६० ग्रॅम, कणीक १४०, तांदूळ १००, ज्वारीचं पीठ १४०. एकूण ४४० ग्रॅम धान्य, म्हणजे सुमारे दीड हजार कॅलरी. बैठं काम करणाऱ्या माणसाला हे जास्तच आहे, यात वाद नाही. पण त्याच ४४० ग्रॅममधून तुम्हाला जवळपास ४० ग्रॅम प्रोटीन आणि ३५ ग्रॅम फायबर मिळत होतं. बहुतेकांना हे ऐकून धक्का बसतो. धान्य म्हणजे नुसते कार्ब, असं डोक्यात बसलेलं असतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रोटीन असतं, बाजरीत ११, तांदळात ८. आपण धान्य एवढं खातो की या थोड्या-थोड्याची बेरीज मोठी होते.

ते सगळं एका दिवसात काढलंत आणि त्या जागी काय आलं? तुम्ही लिहिलंय तसं: दोन अंड्यांचं ऑम्लेट, दुपारी सॅलड आणि थोडं पनीर, एक वाटी आमटी, एक वाटी दही, बदाम-अक्रोड. माझ्या अंदाजाने ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. पूर्वी नुसत्या धान्यातलेच ४० होते, डाळ-दुधातलं वेगळं. म्हणजे "हाय प्रोटीन डाएट" म्हणून जे चाललंय त्यात तुम्ही आधीपेक्षा कमी प्रोटीन खाताय! फायबर तर निम्म्यावर आलं असणार. सॅलडची बशी कितीही मोठी दिसली तरी काकडीत पाणीच फार. पोट साफ होत नाही यात नवल नाही.

आणि काटा का थांबला? बदाम-अक्रोड "मूठभर" असं लिहिलंय, पण दिवसातून किती मुठी ते लिहिलेलं नाही. सकाळी कॉफीत तूप, दुपारी खारे शेंगदाणे, रात्री भूक लागली म्हणून पुन्हा बदाम. शंभर ग्रॅम बदाम म्हणजे सहाशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे जवळजवळ अडीच भाकऱ्या. तुपाचा एक मोठा चमचा सव्वाशेच्या पुढे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही आपली जुनीच गोष्ट. उपासाला धान्य चालत नाही म्हणून साबुदाणा खातो, ज्यात स्टार्चशिवाय जवळपास काही नसतं, आणि भगर खातो, जी खरं तर गवतवर्गातलंच धान्य आहे. धान्याचं नाव ताटातून काढणं सोपं असतं. कॅलरी दुसऱ्या दाराने आत येतात.

स्क्वॉट घसरला ते मला वजनाच्या काट्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याची दोन कारणं असू शकतात. एक साधं आहे. जोर लावून केलेल्या कामाला स्नायू ग्लायकोजेनच मागतात, आणि ते तुम्ही रिकामं केलंय. चालणं, हळू पळणं चरबीवर निभतं, पण जड वजन किंवा वेग आला की तसं निभत नाही. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटाने जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी कमी कार्बच्या आहारावर त्यांचं शरीर चरबी जास्त जाळायला लागलं, पण त्याच वेगाला प्राणवायू जास्त लागू लागला आणि सराव करूनही शर्यतीतली कामगिरी सुधारली नाही. कोल्हापूरच्या तालमीत जाऊन बघा, दूध, तूप, मटण, बदामाची थंडाई सगळं असतं, पण भाकरीला कोणी नको म्हणत नाही.

दुसरं कारण काळजीचं आहे. प्रोटीन कमी आणि एकूण खाणंही कमी, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही विकून खातं. आपल्या लोकांना हे परवडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगाने बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली जातकुळी. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने स्नायू गमावून वजन उतरवणं म्हणजे साखर ठेवायचं कोठारच लहान करणं. जेवणानंतरची साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात. म्हणून तुमच्या वहीत वजनाशेजारी कमरेचा घेर आणि स्क्वॉटचा आकडा हे दोन रकाने मला हवेत. पुरुषाला कंबर ९० सेंमीच्या आत.

मग धान्य सोडून कुणालाच फायदा होत नाही का? होतो. मी स्वतः पाहिलाय. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे, एचबीएवनसी आठच्या वर. डॉक्टरांनी गोळ्या आधीच कमी करून घेतल्या आणि तीन महिने जवळपास शून्य धान्य ठेवलं. मटकी-मुगाच्या उसळी, अंडी, मासे, भरपूर पालेभाजी. साखर सुंदर उतरली. चौथ्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न आलं, श्रीखंड-पुरी आली, आणि मग "एकदा मोडलंच आहे तर" असं करत सहा महिन्यांत सगळं परत आलं. दुसऱ्यांदा आम्ही दिवसाला दोन भाकऱ्यांवर बसवलं. साखर पहिल्याइतकी खाली गेली नाही, पण चार वर्षं तिथेच टिकून आहे. त्यांच्यासाठी यातला जास्त चांगला आहार कोणता, हे मला सांगावं लागणार नाही.

अभ्यासही फार वेगळं सांगत नाहीत. स्टॅनफर्डमध्ये क्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना वर्षभर एकतर कमी फॅटवर किंवा कमी कार्बवर ठेवलं. २०१८ मध्ये निकाल आला: एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. त्या फरकाला संख्याशास्त्रात अर्थ नाही. दोन्ही गटांना साखर-मैदा टाळा आणि भाज्या वाढवा असं सांगितलं होतं, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. आणि ही कल्पना तुमच्या ट्रेनरला वाटते तितकी नवी नाही बरं का. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या गृहस्थांनी १८६३ मध्येच पाव, बटाटा, साखर, बिअर सोडून वजन उतरवल्याची पुस्तिका छापली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि इथे मी तुमच्या आईंच्या विरोधात जाणार आहे. "ज्वारी आहे, कितीही खा, साखर वाढत नाही" हे खरं नाही. माझ्याकडे तीन-तीन भाकऱ्या चुरून खाणारी आणि "पण मी गहू सोडलाय ना" म्हणणारी माणसं येतात. आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी पाहणीचे आहाराबद्दलचे आकडे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय माणसाच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कार्बमधून येतात आणि प्रोटीनमधून जेमतेम १२ टक्के. एकूण कार्ब तेवढेच ठेवून तांदूळ-मैद्याच्या जागी नुसता अख्खा गहू किंवा भरडधान्य आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कॅलरींपैकी पाच टक्के कार्बमधून काढून डाळींच्या किंवा दुधाच्या प्रोटीनकडे वळवल्या तर मात्र कमी दिसला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, पण माझ्या टेबलापलीकडे बसणाऱ्या माणसांशी ती जुळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेतही धान्याचा वाटा ४५ टक्के कॅलरींच्या आत ठेवायला सांगितलंय. शून्यावर आणा असं सांगितलेलं नाही.

एक कबुली देते. मी नवीन होते तेव्हा मधुमेहींना सहा पोळ्या आणि बिनसायीचं दूध असे तक्ते लिहून दिलेत. तेलाला घाबरायचं आणि कणकेला नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं. तेव्हा आज कुणी धान्यावर राग काढत असेल तर तो राग कुठून आला, ते मला समजतं.

गव्हाबद्दल वेगळं सांगायला हवं. पोट फुगणं, जुलाब, हिमोग्लोबिन कितीही गोळ्या घेऊन न वाढणं असं काही असेल तर सीलिॲक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) रक्ततपासणी करून घ्या. आणि ती गहू खात असतानाच करायची असते. गहू महिनोन्महिने सोडून तपासणी केली तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. तुम्ही अशी तक्रार लिहिलेली नाही, म्हणून पुढे जाते. ज्यांना हा आजार आहे त्यांनाही सोडायचा असतो तो गहू, जव आणि त्यांची भावंडं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ त्यांना चालतात.

आपल्या भाषेतच खरी गोम आहे. भाजी, उसळ, चटणी यांना आपण तोंडीलावणं म्हणतो. म्हणजे जेवण भाकरीचं, बाकी सगळं ती गिळायला मदत म्हणून. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते शोभत होतं, खुर्चीत बसणाऱ्याला नाही. तुम्ही फक्त एवढं उलटं करा. भाकरी हे तोंडीलावणं.

म्हणजे दुपारी ज्वारीची एक भाकरी किंवा दोन पोळ्या, त्यासोबत दीड वाटी घट्ट उसळ, मोठी वाटीभर भाजी, कोशिंबीर, वाटीभर दही. रात्री पुन्हा एकच भाकरी, आणि उसळ किंवा मासे, पनीर, चिकन जे असेल ते. सकाळी तीन अंडी किंवा मुगाचं धिरडं. पोहे हवेत तर अर्धी बशी, त्यात भरपूर मटार आणि शेंगदाणे मोजून. भात आठवड्यातून तीन-चार दिवस, लहान वाटी, आणि त्या वेळी भाकरी नाही. जिमच्या दिवशी तासभर आधी एक केळं किंवा सकाळची उरलेली पोळी. एकूण धान्य १८० ग्रॅमच्या आसपास बसतं, प्रोटीन ८० ते ९० ग्रॅम होतं. जेवताना आधी भाजी-उसळ अर्धी संपवायची, मग भाकरीला हात लावायचा. त्याने जेवणानंतरची साखर कमी उसळते. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, ऑफिसच्या गच्चीवर का होईना.

हे अंदाज माझे झाले. तुमचं शरीर काय म्हणतं ते तुम्हीच मोजा. ग्लुकोमीटर आणा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर बघा. एक दिवस भाकरीचा, एक पोळीचा, एक भाताचा, प्रत्येक दोन-तीनदा. १४० च्या आत राहिली तर तेवढं धान्य तुम्हाला झेपतंय. भाताने वर जात असेल तर भात कमी करा, त्यात तत्त्वाचा प्रश्न नाही. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांशिवाय पुन्हा करू नका. तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं, घाईने केलेल्या तपासणीत जुनाच हिशेब दिसतो.

पहिल्या आठवड्यात वजन अर्धा-एक किलो वर जाईल, ते वर सांगितलेलं पाणी. त्यानंतर महिन्याला एक-दोन किलो उतरलं, कंबर कमी झाली आणि स्क्वॉट ७० च्या दिशेने परत निघाला, तर बरं चाललंय. सहा आठवडे हे नीट करूनही साखर ढिम्म राहिली, तर धान्य आणखी कमी करायला मीच सांगेन. तुमच्याजागी फिरतीची नोकरी करणारा किंवा शेतात राबणारा कोणी असता तर हेच आकडे बदलले असते. मॅरेथॉनवाला असता तर मी धान्य वाढवायलाच सांगितलं असतं.

आणि ते डब्यातलं पीठ. पाच आठवड्यांत त्याची विरी गेली असणार, साध्या पाण्यात मळलं तर थापताना भाकरी तडकेल. उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, नाहीतर बेसन आणि मेथी घालून थालीपिठं लावा. कडवट वास येत असेल तर मात्र टाकून द्या. आईंना पुढच्या वेळी पीठ नको, ज्वारीच पाठवायला सांगा. आठवड्यापुरती दळून आणायची. तुमच्या पुण्यात अजून गिरण्या आहेत.